मास्तरचा डावा डोळा

प्रिय ठेंगू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी म्हणशील, हिच्या फोनला काय धाड भरली? फोन मी तीनदा लावला आणि वाजायच्या आत ठेवून दिला. तुझा आवाज ऐकला की मी सगळं हसण्यावारी नेते. वसतिगृहाच्या त्या एका खोलीत चार वर्षं काढली, तेव्हापासूनची माझी ही खोड तुला ठाऊक आहे. म्हणून लिहायला बसले. तुझा शिवणवर्ग कसा चाललाय? माझं गुडघ्यांचं रडगाणं चालूच आहे. पुढच्या वर्षी निवृत्त होईन, पण प्रयोगशाळेतल्या मुलींनी माझी खिडकीजवळची खुर्ची आत्तापासूनच आपसांत वाटून घेतली आहे.

जाता जाता मी एक काम अंगावर ओढवून घेतलंय. काळ्या गाठीमुळे कुत्र्यांचे जे डोळे काढावे लागले आणि तपासायला आमच्याकडे आले, त्या कुत्र्यांचं पुढे काय झालं ते शोधायचं. वीस वर्षांची यादी समोर घेऊन मी मालकांना फोन करते. लोक किती बोलतात गं! एका बेकरीवाल्याची कुत्री एका डोळ्याने सहा वर्षं दुकान राखत होती आणि पाव मात्र स्वतःच पळवत होती. एक नर्सबाई आधी रडल्या, मग त्याच दमात त्यांच्या कुत्र्याने नवा सोफा कसा फाडला ते सांगून पोट धरून हसल्या. बहुतेक कुत्री म्हातारी होऊनच गेली. डोळ्याच्या आतली ती गाठ दिसायला भयंकर असते, पण कुत्र्यांमध्ये ती बहुधा साधी निघते. डोळा काढला की विषय मिटतो. थोड्यांचीच पसरते.

यादीत तुझा मास्तरही आहे. उशिरा घरी येणाऱ्या प्रत्येकाला भुंकून फैलावर घ्यायचा, म्हणून त्याचं नाव मास्तर. त्याच्या डाव्या डोळ्यातला काळा ठिपका तुझ्या भावाला दिसला, रोज त्याचं तोंड पुसणाऱ्या तुला दिसला नाही. डोळा काढला, तो माझ्याकडे आला आणि मी अहवाल दिला की गाठ वाईट आहे, पसरणारी आहे. दोन महिन्यांनी तो खोकायला लागला. डॉक्टरांनी माझा कागद वाचला आणि फुप्फुसात उतरली म्हणाले. छातीचा फोटो काढायची गरज कोणालाच वाटली नाही. त्याचे हाल नकोत म्हणून तू त्याचं डोकं मांडीवर घेऊन शेवटचं इंजेक्शन द्यायला लावलंस. त्याला अकरा वर्षं झाली. तू दुसरं कुत्रं आणलं नाहीस. कोणी विषय काढलाच तर म्हणतेस, माझं लक्ष असतं तर तो वाचला असता. आणि मी दर वेळी मोठ्या मनाने तुझी समजूत काढत आले.

आमच्या कामातली एक गोष्ट सांगते. या गाठींत काळा रंग इतका दाट असतो की खालच्या पेशी दिसतच नाहीत. म्हणून काचेवर ठेवलेला गाठीचा पातळ काप आधी औषधात धुवून तो रंग उतरवायचा आणि मग किती पेशी दुभंगताहेत ते मोजायचं. गाठ साधी की वाईट, हे मुख्यतः त्या मोजणीवर ठरतं. या कामासाठी मी प्रत्येक गाठीचा जपून ठेवलेला तुकडा काढून नवा काप धुते आहे. तीन आठवड्यांपूर्वी मास्तरची पाळी आली. जुनी काचही काढली. ती धुतलेलीच नव्हती. तू रोज फोन करून विचारत होतीस, तुला लवकर सांगावं म्हणून मी घाई केली. आणि रंगाच्या गुठळ्या दुभंगणाऱ्या पेशी समजून मोजल्या.

ठेंगू, मास्तरची गाठ साधी होती. नवा काप मी चार वेळा मोजला, मग हाताखालच्या मुलीला काही न सांगता मोजायला दिला. तिनेही तेच सांगितलं. खोकला कशाचा होता हे आता कधीच कळणार नाही, कदाचित आठवड्याभराच्या गोळ्यांनी गेला असता. यादीत त्याच्या नावापुढे मी ‘चुकीच्या अहवालामुळे मृत्यू’ असं लिहून खाली माझी सही केली आहे. तू माझ्यावर रागाव, हवं तर तोंड बघू नकोस, मी रडेन पण तक्रार करणार नाही. मात्र तो ठिपका तुला वर्षभर आधी दिसला असता तरी काही बदललं नसतं, कारण त्या ठिपक्याने तो गेलाच नाही. तुझ्याकडून काहीही राहून गेलं नव्हतं, अगं. हे तुला सांगायला मी तीन आठवडे घाबरत होते.

तू म्हणू देशील तोवर तुझीच,
लंबू