आधीच्या नाण्याची छाप

सोमवार, १२ जानेवारी
वरव्याहून निघून दुपारी भाटघरला पोहोचलो. धरणाच्या पाण्यावर ऊन पडलं होतं, मन प्रसन्न झालं. फुलाबाईंनी चहा देतानाच दम भरला, पाव्हणं, हितं लाजायचं न्हाई. त्यांचे मालक धनाजी मागच्या महिन्यात गेले. बाजारातली जुनी चिल्लर आणून टाकसाळीत चुकलेली नाणी निवडायचा त्यांना नाद. ती वेगळी करून विकून द्यायची, हे माझं काम. रविवारी रत्नाही येईल. लग्नानंतर आम्हा दोघांना असा निवांतपणा पहिल्यांदाच मिळतोय. देवाची कृपा.

मंगळवार, १३ जानेवारी
धनाजींच्याच गादीवर बसतो, उजेड तिथंच चांगला येतो. पाच पैशांचं एक नाणं ठशाखालून सरकलेलं, अर्धं कोरं. एका रुपयावर साल दोनदा उठलेलं. दुपारी मोठी चीज सापडली. एका बाजूला सिंह नेहमीसारखे वर आलेले, दुसऱ्या बाजूला तेच सिंह आत दबलेले, उलटे. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहतं, बाहेर पडत नाही. पुढचं त्याच्यावरच दाबलं जातं आणि त्याची पोकळ छाप घेऊन निघतं. बराच वेळ त्यावरून बोट फिरवत बसलो.

बुधवार, १४ जानेवारी
गेलेल्या माणसाचं अंथरूण आपल्याकडे घरात ठेवत नाहीत. ही गादी कशी राहिली, असं विचारलं. फुलाबाई म्हणाल्या, माजा हातच झाला न्हाई. मग त्यांनी दहाव्याचं सांगितलं. दिव्याखाली पसरलेल्या पिठात माणसाचं पाऊल उठलं. पुन्हा माणसाचाच जन्म मिळाला म्हणून भावकी खूश. पण पाऊल पिठात रुतलेलं नव्हतं, वर आलेलं होतं. खालून कुणी दाबल्यासारखं. त्या हे सांगता सांगता लसूण सोलत होत्या.

गुरुवार, १५ जानेवारी
गादी बाहेर टाकायची ठरवली. मला उठवेना. पाय बधिर. उजव्या अंगठ्याच्या रेषा आत गेल्यात. माळ ओढताना मणी बोटाला लागत नाही. जप मोजता येत नाही. घाबरायला हवं. तसं काही होत नाही.

शुक्रवार, १६ जानेवारी
फुलाबाईंनी चुलीपासून हाक मारली, अवं, आलं का जेवाया? माझ्या तोंडून गेलं, आलो गं. तव्यावरची भाकरी तशीच सोडून त्या वळून माझ्याकडे बघू लागल्या.
अंघोळीला कसाबसा उठलो, सदरा काढला. पाठीला हात लावला. खळगा आहे. कुणीतरी पाठीला पाठ लावून निजल्यासारखा.
रत्नाला फोन केला, येऊ नकोस. ती म्हणाली, कुणाचा आवाज काढताय, चेष्टा पुरे. मी येणारच.

शनिवार, १७ जानेवारी
पुन्हा फोन करायचा — मोबाईल अंगठा ओळखत नाही. फुलाबाईंना म्हणालो, तिला फाट्यावरूनच परत पाठवा. त्या म्हणाल्या, कुणाला?
दिवसभर गादीवर. नाणी पडून आहेत.

रविवार, १८ जानेवारी
ती आली. भाकरी, ठेचा, खोबरेल. किती वाळलात, म्हणाली. इथं बसू नकोस असं सांगितलं — ओठ हलले, बाकी काही नाही.
बसली. माझे पाय मांडीवर घेतले. तेल चोळते आहे. हाताला काईच लागंना वो, म्हणून हसली. स्वतःचे तळहात उजेडात धरून बघते आहे. आता हसत नाही.
अजून वेळ आहे. हाक मारली तर उठेल. हिचं नाव —