मागच्या दाराचा ड्रॉइंग बोर्ड

११ जानेवारी १९२५, रविवार.
शाळा बंद. काल पौडहून आणलेलं टपाल आज उघडलं. मुंबईच्या ओरिएंटल पोस्टल कॉलेजचं पहिलं पाकीट. तीन विषय घेतले आहेत : घराची अंतर्गत सजावट, इमारतीचं ड्राफ्टिंग आणि कलेचा इतिहास. तिन्ही एकदम घेऊ नयेत असं माहितीपत्रकात लिहिलं आहे. ते सामान्य विद्यार्थ्यांसाठी असावं.

या घराचा मला वीट आला आहे. काजळी, जळमटं, कुबट वास. गोजरेची आई चार महिने मधल्या खोलीत पडून होती, तेव्हापासूनचा तो वास. लेसन एकमध्ये कारण सापडलं. व्हेंटिलेशन नाही.

ती वारल्यावर सासूबाई आमच्या पोरीला, गोजरेला, भुकूमला घेऊन गेल्या. चैत्रात वर्षश्राद्धाला पोरीला घेऊन येणार आहेत. घर राहण्यासारखं दिसलं तर तिला माझ्याकडे ठेवतील, नाहीतर परत नेतील. तसं तोंडावर सांगून गेल्या आहेत. तोवर असं घर करीन की त्यांना बोलायला जागा उरणार नाही. उद्यापासून पाचला उठून काम.

१२ जानेवारी.
सातला उठलो. थंडीत बोटं वळत नाहीत. तशा बोटांनी काढलेली रेघ काय कामाची.

१८ जानेवारी, रविवार.
ड्रॉइंग बोर्ड मोठा आणि सपाट हवा. मागचं दार एका फळीचं, सागवानी. ते उतरवलं. खिडकीच्या कोनाड्यात बसेना, म्हणून एका बाजूने वीतभर कापलं. आता छान बसतं. व्हेंटिलेशनचंही काम झालं.

दाराच्या जागी गोणपाटाचा पडदा लावला. लेसन दोन : सुसंस्कृत घरात दारांना पडदे असतात. ते आतल्या दारांविषयी आहे, हे खरं. पण मागचं दार डोंगराकडे. तिकडून कोण येणार.

शेजारच्या धनगराची सारजाबाई बघायला आली. म्हणाली, मास्तर, डोंगरात वाघरू फिरतंया, आन् तुमी दार काढून पडदा लावला व्हय. मी म्हणालो, ही पद्धत आहे. ती म्हणाली, वाघराला ठावं हाय का ही पद्धत.
अशा माणसांत राहायचं. शिसारी येते.

८ फेब्रुवारी.
पहिलं ड्रॉइंग परत आलं. लाल पेन्सिलीने लिहिलं आहे, रेघा डगमगतात. टपालात घडी पडल्यामुळे तसं वाटत असावं. तपासणाऱ्याने एवढा विचार करायला हवा होता.

पडद्याखालून सारजाबाईची शेळी आत शिरली. लेसन तीनवर लेंड्या. पानं धुऊन वाळत घातली. दिवसभर तोच वास. जेवण गेलं नाही.

निश्चय : रोज दोन तास इंकिंग, म्हणजे पेन्सिलीच्या रेघांवर शाई फिरवणं. तंबाखू बंद.

१० फेब्रुवारी.
इंकिंग करताना तंबाखूशिवाय हात स्थिर राहत नाही. कोर्स संपल्यावर सोडीन.

१ मार्च.
मधल्या खोलीतलं जातं, वळकट्या, उतरंड, सगळं गोठ्यात टाकलं. जागा मोकळी झाली. तिथे आता ड्रॉइंग रूम. भिंतीला पांढरी माती दिली. कलेच्या इतिहासाच्या पाकिटात एका ग्रीक देवीचं चित्र होतं, ते टांगलं. देवीला दोन्ही हात नाहीत आणि वरच्या अंगावर वस्त्र नाही. मूर्ती फार जुनी आहे.

सारजाबाईने बराच वेळ पाहिलं. बाईचं हात कुनी तोडलं, म्हणाली. मी म्हणालो, काळाने. तिने दोन्ही हात पदरात घेतले आणि गेली.

१५ मार्च.
धरणाचं पाणी चढणार म्हणून खालच्या गावची माणसं घरं उकलून वासे गाड्यांत भरून नेत आहेत. त्यांना नवी घरं लागणार, म्हणजे प्लॅन लागणार. तो काढणारा इथे माझ्याशिवाय कोण आहे. त्यांतले हैबतराव गाडी थांबवून पाणी प्यायला आले, त्यांना माझ्या बंगल्याचा प्लॅन दाखवला. त्यांनी विचारलं, ह्यात गोठा कुटं हाय. बंगल्याला गोठा नसतो, मी सांगितलं. मग बैलं काय तुमच्या त्या ड्राईंग रुमात बांधू का, म्हणाले. गाडीवरची माणसंही हसली.
यांना कितीही शिकवा.

५ एप्रिल.
परीक्षेचं ड्रॉइंग सुरू आहे. कागद ओला करून कडेने खळ लावून दारावर ताणून चिकटवला आहे. पूर्ण झाल्याशिवाय काढता येत नाही. अठरा तारखेच्या आत टपालात पडायला हवं. दोन भाग शाई झाली, एक बाकी. आजवरचं माझं सर्वांत चांगलं काम.

धुळाचं, म्हणजे सारजाबाईच्या नवऱ्याचं, कुत्रं वाघराने नेलं. कुत्रं उघड्यावर झोपायचं. माझ्या घराचा त्याच्याशी संबंध नाही. तरी पडद्याला खाली दगड बांधले.

१२ एप्रिल, रविवार.
श्राद्ध झालं. भटजी लवकर आले, लवकर गेले. सासूबाई, मेहुणा भिवाजी आणि गोजरा गाडीने आली होती. गोजरा उंबऱ्यातच थांबली. आज्जे, ह्ये कुनाचं घर, म्हणाली. नवं रूप आहे, ओळख पटायला वेळ लागणारच.

सासूबाई घरभर फिरल्या. देवीचं चित्र भिंतीकडे फिरवून ठेवलं. मग मागे गेल्या, पडदा बाजूला सारला, डोंगराकडे पाहत उभ्या राहिल्या. दार कुटं हाय, म्हणाल्या. मी दाखवलं. त्यांनी ड्रॉइंगकडे पाहिलंही नाही. म्हणाल्या, जावईबापू, दार आत्ता लावा, पोरगी ठेवते.
मी आठ दिवस मागितले. कागद मध्येच काढला तर आकसतो, रेघेला रेघ लागत नाही, हे समजावून सांगितलं.
त्यांनी भिवाजीला बैल जुंपायला सांगितलं.

तेव्हा मी चाकू घेतला आणि कागद कापून काढला. मधोमध फाटला. भिवाजीने आणि मी दार उचलून चौकटीला लावलं. वीतभर फट राहिली.
उन्हाळ्यात लाकूड आकसतं, मी म्हणालो. भिवाजीने फटीतून हात घातला, मग खांदा घातला आणि पलीकडे जाऊन उभा राहिला. दाजी, म्हणाला, आता मला वाघरू म्हना.
तो एकटाच हसला. सासूबाईंनी आरीने कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. पोरगी ह्या घरात कुटं झोपायची, ते तरी ठरवलं व्हतं का, एवढंच विचारलं.
प्लॅनमध्ये ड्रॉइंग रूम आहे, अभ्यासाची खोली आहे, चित्रासाठी भिंत आहे.

गोजरा गाडीत आधीच जाऊन बसली होती. दिवस मावळायच्या आत गाडी निघाली.

१९ एप्रिल, रविवार.
मुदत काल संपली. ड्रॉइंग पाठवलं नाही.
पौडच्या बाजारात भिवाजी भेटला. गोजरा भुकूमलाच राहील, पावसाळ्यानंतर तिकडच्याच शाळेत घालणार, असा सासूबाईंचा निरोप. बरं, म्हणालो.
घरी येऊन चूल पेटवली. भात टाकला. लक्ष नव्हतं, खाली लागला. वरचा तेवढा खाल्ला. मग राख घेऊन अंगणात पातेलं घासत बसलो.