पाणसळीतली गच्ची

४ ऑगस्ट

तीर्थस्वरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आई आणि मी ठीक आहोत. गच्चीवर एक तळं झालं आहे, तेही ठीक आहे.

पाऊस उघडला की रस्ते वाळतात, शेजाऱ्यांच्या गच्च्या वाळतात. आपली वाळत नाही. पाणी घोट्याइतकंही नाही, पण जागचं हलत नाही. काल दोन कावळे त्यात आंघोळ करून गेले. पाणी जायच्या भोकात मी छडी घालून पाहिली. पानं नाहीत, घरटं नाही. भोक मोकळं, पाणीही मोकळं. दोघांची ओळख मात्र नाही. मग खराट्यानं ढकललं. माझ्या पायांना वळसा घालून ते मुकाट्यानं परत आलं. हा उद्योग उरकून मी शाळेत जातो आणि नद्या समुद्राकडे का वाहतात ते मुलांना शिकवतो. अजून कुणाला माझा संशय आलेला नाही.

खाली आईची खोली. तिच्या पलंगावरच्या छताला ओल धरली आहे. मी पलंग सरकवला, तर ओलही सरकली. आई खोकते. विचारलं तर नाही म्हणते.

शेजारी म्हणतात, गवंडी बोलवा. पण बाबांनी हे घर स्वतःच्या हातांनी बांधलं. बाहेरच्या माणसानं इथे खिळा ठोकला तरी त्यांचं जेवणावरून मन उडायचं. म्हणून तूर्त मी आणि खराटा.

भाच्यांना पापा. लोभ सुकू देऊ नकोस; इथे नाहीतरी काही सुकत नाही.

तुझा,
मास्तर

९ ऑगस्ट

चि. मास्तरास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून हे हसले. मी हसले नाही. आईचा खोकला तू कावळ्यांच्या खाली घातलास. लहानपणी प्रगतिपुस्तकही असंच दप्तराच्या तळाशी असायचं.

मी आमच्या डॉक्टरांना विचारलं. या वयात छातीत ओल बसली की लवकर उठत नाही, असं ते म्हणाले. मी मागची खोली रिकामी केली आहे. महिनाअखेरपर्यंत आईच्या खोलीचं छत सुकलं नाही, तर मी येऊन तिला कायमची इकडे आणीन. तू एकटा पडशील, हे मला कळतं. लग्न कर म्हणून सांगून मी थकले, तो विषय आता काढत नाही. पण तुझा विचार मी दुसरा ठेवला आहे. पहिला तिचा.

गवंडी बोलव. बाबा रागावले असते हे खरं, पण त्या छताखाली बाबा झोपत नाहीत.

रागावलास तरी पत्र लिही.

तुझी,
ताई

२१ ऑगस्ट

तीर्थस्वरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कारण सापडलं. बाबांच्या पेटीतली पाणसळ काढून गच्चीवर ठेवली. काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध. कोपऱ्यात ठेवली, मधोमध. भोकाशी ठेवली, तिथेही मधोमध. सुतार माणूस; आयुष्यभर टेबलं केली, गच्चीही टेबलासारखी केली. वाकडं म्हणजे त्यांच्या लेखी पाप. पाण्याला जायला थोडं वाकडं लागतं, हे त्यांना सांगायची कुणाची टाप होती?

मग गवंडी आणला. वरून सिमेंटचा पातळ थर द्यायचा आणि त्याला भोकाकडे उतार ठेवायचा, असं ठरलं. अर्धा दिवस काम करून तो जेवायला गेला. थर ओला होता. मी सहज पाणसळ ठेवून पाहिली. बुडबुडा पार टोकाला जाऊन बसलेला. ताई, मला ते बघवेना. थोडं इकडचं तिकडे केलं. मग आणखी थोडं. गवंडी परत आला तेव्हा बुडबुडा मधोमध होता आणि मी घामाघूम होऊन, त्याची थापी हातात धरून, समाधानानं उभा होतो.

त्यानं आधी थापी माझ्या हातातून काढून घेतली. मग त्यानं विचारलं, शाळेत काय शिकवता. मी चित्रकला म्हणालो.

काल पाऊस झाला. तळं पुन्हा आहे, पूर्वीपेक्षा बोटभर उंचीवर.

आईचा खोकला आता थांबत नाही. हे वाक्य मी वर घालायला हवं होतं. थर फोडून नव्यानं द्यायला गवंडी तयार आहे; अट एकच, मी घरात असता कामा नये. तेव्हा रविवारच्या गाडीनं आईला घेऊन येतो. तिला तुझ्याकडे ठेवून मी परत फिरेन. माझ्या एकट्याचंच तिकीट परतीचं आहे, हे तिला अजून सांगितलेलं नाही. ते तू सांग. मी सांगायला गेलो तर त्यातही विनोद करीन.

खोलीत सूर्य येतो ना, एवढं बघ.

तुझा,
मास्तर

१२ सप्टेंबर

तीर्थस्वरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गच्ची झाली. परवाच्या पावसात मी छत्री घेऊन वर उभा होतो. पाणी सरळ भोकाकडे गेलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच एक नदी माझ्या सांगण्याप्रमाणे वागली. आईच्या खोलीचं छत वाळलं, चुना लावून घेतला.

पण तू दिलेली मुदत टळून गेली आहे, आणि तिथे तिला झोप लागते असं तू लिहितेस. तेव्हा छत कोरडं झालं, एवढंच तिला सांग. परत ये असं माझ्या वतीनं म्हणू नकोस. म्हटलंस तर ती येईल, आणि का आली ते मला कधीच कळणार नाही.

मी बरा आहे. स्वयंपाक अजून दोघांचा होतो. उरलेलं सकाळी तिच्या वतीनं खातो.

माझी काळजी नको. केलीस तर थोडीच कर.

तुझा,
मास्तर

१७ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

ताईनं तुझं पत्र सगळं वाचून दाखवलं. सांगू नको म्हटलेलंसुद्धा.

खोकला गेला. खोलीत ऊन येतं. इथे सगळं वेळच्या वेळी आणि नीट असतं. जावई शहाणे, मुलं शहाणी, ताई तर जन्मापासूनच. दिवसभरात कुणाच्या हातून काही बिघडत नाही. काल जेवताना तुझी ती चित्रकला आठवली आणि मला हसू आवरेना. खोकला उलटला असं वाटून एकानं पाणी आणलं, एकानं पाठ चोळली, ताई डॉक्टरांना बोलवायला उठली.

मला घरी जायचंय, असं मी तिला सांगितलं. आधी रागावली, मग रडली, आता माझी पिशवी भरते आहे.

रविवारी येऊन मला घेऊन जा. तोवर घरात आणखी कशालाही हात लावू नकोस.

तुझी,
आई