दोन्ही पाय सारखे

४ मार्च

ति. दादास,
भिंगरीचा शि. सा. न.

आधी बातमी! आमच्या पायांच्या दवाखान्यात यंदा पाय कापावा लागलेली माणसं गेल्या वर्षीच्या निम्मीसुद्धा नाहीत. डॉक्टरीणबाईंनी भिंतीवर तक्ता लावला, तर खाली उतरणारी ती रेघ बघून आम्ही नर्सा वेड्यासारख्या हसत होतो. केलं काय, तर मधुमेहाच्या प्रत्येक माणसाचे मोजे उतरवून तळवे पाहिले. बधिर पायाला जखम कळत नाही, म्हणून ती आपण शोधायची.

तू शिवलेला कोट पोचला. झकास आहे. पण शिवणीत ठिकठिकाणी दोरा तुटून जोडलाय. मशीनचं चाक उलटं फिरलं की दोरा तुटतो, हे तूच शिकवलंस. तुझ्या अनवाणी पायाला पायडल कळेनासं झालंय का? साखर तुलाही आहे. आजच तळवा आरशात बघ.

वहिनीला नमस्कार.
तुझी,
भिंगरी

९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

कोट फुकट घालायचा आणि वर शिवण तपासायची! दोरा हलका होता, असं ठोकून देणार होतो. पण तुझं पत्र तुझ्या वहिनीने आधी वाचलं आणि ती आरसा घेऊनच बसली.

उजव्या तळव्यात टाचणी निघाली, डोक्यापर्यंत रुतलेली. तिच्यावर उभा राहून मी लोकांची मापं घेत होतो. भोवती काळंनिळं, ओलं झालंय. वहिनी आधी रडली, मग भांडली.

तुमच्या दवाखान्यात मात्र येणार नाही. बाबा नुसता अंगठ्याचा फोड घेऊन गेले होते. मी शिवलेली पहिली पँट त्यांची, एक पाय दुमडून वर टाके घातलेली. ते टाके हाताला अजून आठवतात.

माया आहे, ती असू दे.
दादा

१२ मार्च

ति. दादास,
सा. न.

बाबांनी तो फोड महिनोन्‌महिने मोज्यात लपवला होता. आपण नेलं तेव्हा अंगठा काळा पडला होता. पाय दवाखान्याने नाही, उशिराने नेला, दादा.

मी वचन देत नाही. पण जखम साफ करू, रक्त पोचतंय का बघू, पायावरचा भार काढू. अजून वेळ आहे, म्हणून तर लगेच लिहितेय. त्या तक्त्यावर तू मला नकोयस. गुरुवारी दवाखान्याच्या दारात उभी आहे. पाय जमिनीला टेकवू नकोस.

वाट बघणारी,
भिंगरी

२० जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

जखम पूर्ण भरली! डॉक्टरीणबाईंना सांग, पायावरचा भार काढायला त्यांनी दिलेला तो बेढब बूट अखेर सुटला.

आता पायडल वहिनी मारते, मी कापड सरकवतो. ती चिडली की शिवण धावते, आणि ती रोज चिडते. गिऱ्हाइकाला मधुमेह असेल तर तळवा दाखवल्याशिवाय मी माप घेत नाही. लोक कुरकुरतात, पण मोजे काढतात. परवा एकाच्या टाचेला भेग दिसली, तुझ्याकडे धाडलाय. त्याला रागावू नकोस, तो आधीच घाबरलाय.

काल स्वतःसाठी पँट कापली. कापडाची दुहेरी घडी घातली आणि दोन्ही पाय एकदम कापले. कात्री मध्येच जराशी थांबली, इतकंच.

लोभ वाढव, बोलणी कमी कर.
तुझा,
दादा