दार शेजारचं, चांदणी आपली

कळंबा रोड, कोल्हापूर
२७ डिसेंबर १९९८

चि. शांतवन आणि सौ. करुणा यांस अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र पोचलं. मी बरा आहे. खोकला आहे, पण तो दर थंडीत असतोच. तुम्ही पाणी उकळून पिता का ते कळवा. मागंही विचारलं होतं, उत्तर आलं नाही. मच्छरदाणीला भोक पडलं असेल तर लगेच शिवून घ्या. तिकडचा ताप वाईट असतो म्हणतात.

झांबियात नाताळात उन्हाळा असतो आणि आंबे पिकतात, हे वाचून नवल वाटलं. खोबरं मिळत नाही म्हणून करुणा शेंगदाणे कुटून करंज्या करणार होती, त्या जमल्या का? पत्र्याच्या देवळात ढोल घेऊन लोक येणार होते, ते आले का?

तू नाताळच्या चांदणीचा फोटो मागितला होतास. आपल्या दारावर चांदणी, आत दिवा, खाली मी उभा. तिथल्या मुलांना दाखवून सांगायचं होतं, हे माझं घर. पण चांदणीचा कागद उंदरांनी खाल्ला. शिवाय फोटोवाल्याचा रोल संपला होता. शिवाय मला बरं नव्हतं. पुढच्या वर्षी बघू.

आणखी एक. पाकिटाच्या मागं तू रेव्हरंड, मिशन, सगळं लिहितोस. नुसतं आवळे लिहिलं तरी चालतं. उगाच शाई जाते.

नाताळ चांगला झाला.

तुझे आबा


कळंबा रोड, कोल्हापूर
९ जानेवारी १९९९

प्रिय शांतवन, प्रभूच्या नावात सलाम.

मागचं पत्र मिळालं असेल, किंवा वाटेत असेल. त्यातलं खोकल्याचं खरं आहे. उंदरांनी काही खाल्लेलं नाही. हे पत्र करुणाला वाचून दाखवू नकोस. नको, दाखव.

डिसेंबरात पेपरात रोज काहीबाही येत होतं. कुठं प्रार्थनेची जागा जाळली, कुठं माणसांना मारलं. सगळं लांबचं. आपल्या गल्लीत मला कुणी वाकडा शब्द बोललेलं नाही. हे आधीच लिहितो, नाहीतर तुला वाटेल कुणी धमकावलं. कुणी धमकावलं असतं तर लिहायला एवढी लाज वाटली नसती.

संध्याकाळी मी म्हशींच्या कट्ट्यावर बाळासोकडं धारेचं दूध आणायला जातो. तिथं नेसरीकडचे एक पावणे बसले होते. सहज म्हणाले, “पोरगं काय करतंय?”

“परदेशात असतो.”

“तितं काय करतोय?”

मिशनचं काम करतो, हे तोंडापर्यंत आलं होतं. मी म्हणालो, “कंपनीत हाय.”

“कसली कंपनी?”

“पंपाची.”

पावणे खूश झाले. “मग आमच्या भाच्याला चिकटवा की तितं. आयटीआय झालाय.” मी बघतो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

बाळासो म्हशीखाली धार काढत होता. तू मिशनच्या कामाला निघालास तेव्हा त्यानं तुला पेढे दिले होते, आठवतं ना? पावणे गेल्यावर वर न बघता म्हणाला, “मामा, शांतवननं नोकरी बदलली व्हय? आमास्नी पेढं न्हाईत ते?”

पेत्रानं प्रभूला ओळखत नाही म्हटलं, तेव्हा कोंबडा आरवला होता. इथं म्हशी रवंथ करत होत्या. पण मला ऐकू आलं.

एकदा असं बोलून बसल्यावर दारावर चांदणी लावायची कशी? ती तर रस्त्यानं जाणाऱ्या सगळ्यांनाच सांगणार. देवळातली मंडळी नाताळची गाणी म्हणायला येणार होती, त्या दिवशी मी पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं, मागच्या दारानं आत आलो आणि दिवा न लावता बसलो. पेटी, ढोलकी दारात आली. तुझ्या आईला आवडायचं तेच गाणं त्यांनी आधी धरलं. मी तोंडात टॉवेल कोंबला, तरी खोकला आलाच.

शेजारच्या शिवगंगाक्का बाहेर आल्या. त्यांची आपली भिंत एकच, माझा खोकला त्यांना पाठ आहे. तरी मोठ्यानं म्हणाल्या, “मामा मलकापूरला गेल्यात. या, चहा आमच्यात घ्या.” गळ्यात लिंग घालणाऱ्या बाईनं माझ्यासाठी खोटं सांगितलं आणि माझ्या दारात आलेल्या माणसांना चहा पाजला. मी भिंतीपाशी बसून कपबश्यांचा आवाज ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी त्या मागच्या दारानं आल्या. “चांदणी कुठाय?”

“फाटली.”

“बघू की.”

माळ्यावरनं काढावी लागली. तू आणि आईनं कामट्या बांधून केलेली, लाल कागदाची. एक टोकसुद्धा फाटलं नव्हतं. त्यांनी ती फिरवून बघितली. मग म्हणाल्या, “तुमास्नी भ्या वाटतंय तर ऱ्हाऊ द्या. आमच्या दाराला लावतो. नातवंडं वाट बघत्यात.”

आणि लावली. बाळासो सायकलवरनं जाताना ओरडला, “आक्का, ह्या वर्षी तुमचा नाताळ व्हय?”

“व्हय. ये लाडू खायाला, आणि येताना दूध बिनपाण्याचं आण.”

दोघं हसली. मी खिडकीआड उभा होतो.

त्यांच्या शिवकुमारनं फोटो काढला, तो सोबत पाठवतोय. उजवीकडं चांदणीचं दार दिसतं, ते शिवगंगाक्कांचं. डावीकडं काळोख आहे, त्यात कुलूप चमकतंय, ते तुझं घर. डावी बाजू कातरून पाठवावी असं मनात होतं. तुला कळलं नसतं. कात्री घेऊनही बसलो होतो. पण मग मुलांना तू त्या दाराला माझं घर म्हणाला असतास, आणि देवळात उभं राहून तुझ्या तोंडून माझं खोटं गेलं असतं. म्हणून अख्खा पाठवतोय.

काल पावणे पुन्हा कट्ट्यावर आले. भाच्याचे दाखले पिशवीत घालून आणले होते. ते बघून म्हणालो, “पावणं, पंपाची कंपनी न्हाय. मी खोटं बोललो. माझा पोरगा पाद्री हाय. मिशनच्या कामाला गेलाय.”

पावणे म्हणाले, “मग आदी सांगायचं की. एवढ्या लांबनं एस्टीनं आलो.” मग पिशवीचं तोंड बांधत म्हणाले, “पण तितं पंप तर असत्यालच की?”

बाळासो खाली मान घालून हसत होता. एवढंच झालं, बाळ. एवढ्यासाठी मी तुझ्या आईच्या गाण्यावर कुलूप घातलं होतं.

चांदणी परत आणली आहे. नाताळ उलटून गेला, तरी काल दारावर लावली. लोक हसतील. हसू देत.

पाकिटाचं लिहिलं होतं ते मागं घेतो. मागच्या बाजूला पूर्ण नाव लिही, मोठ्या अक्षरात: रेव्हरंड शांतवन पिराजी आवळे. पोस्टमन रस्त्यावरूनच ओरडून वाचतो, वाचू दे. मधलं नाव माझं आहे. ते तिथं ठेवायचं की नाही, हे मात्र तू बघ. पुढचं पाकीट आलं की मी आधी उलटून बघेन.

पाणी उकळून प्या.

तुझा बाप,
पिराजी