टॅक्सी सांगू नकोस

१ जून, सकाळी ७
संकल्प: जुन्या जीपमध्ये टेम्पोचं डिझेल इंजिन बसवून ते पंधरा तारखेपर्यंत सुरू करायचं. लेक सव्वीसला नोकरीसाठी परगावी निघते आहे, सकाळी साडेनऊची बस. स्टँडवर मी तिला माझ्या जीपमधून सोडणार. तीन वर्षं नुसतं सांगतोय, आता करून दाखवायचं. टॅक्सी सांगू नकोस म्हणून बायकोला बजावलं. ती बरं म्हणाली. तिचं हे बरं मला आवडत नाही.

४ जून
इंजिन मापात बसलं. इंजिन आणि चॅसिस, दोन्हीला निळ्या ऑइल पेंटचे दोन-दोन हात दिले. इंजिनपासून चॅसिसला जाणारी एक विटकी वायर होती. निळ्यावर शोभेना, काढून टाकली. शेजारचे मेकॅनिक डोकावून गेले. रंग सगळ्यात शेवटी देतात म्हणे. देत असतील.

८ जून, सकाळी १०
उद्घाटन. बायको, लेक आणि मेकॅनिक यांना शेडमध्ये उभं केलं. किल्ली फिरवायचा मान लेकीला. टक्. पुन्हा फिरवली. टक्.
निदान: बॅटरी. लेकीने अर्थिंग तपासलं का म्हणून विचारलं. मी म्हटलं, बाई गं, तू तुझा कॉम्प्युटर सांभाळ. मेकॅनिक उगाच खोकले.

९ जून
नवी बॅटरी. टक्. पण कालच्यापेक्षा दमदार.

१२ जून
स्टार्टर उतरवला, पुसला, चढवला. दोन वॉशर उरले. बहुतेक आधीपासूनच जास्तीचे असावेत. टक्.
लेक बॅग भरते आहे. कुलूप कुठलं नेऊ म्हणून विचारायला आली. उद्या बघू म्हटलं.

१५ जून
तारीख उलटली असं बायकोचं म्हणणं. मूळ संकल्प पंधराच्या आसपास असाच होता, लिहिताना घाई झाली.

१९ जून
आज मला एक गोष्ट सुचली. ती विटकी वायर परत लावली, दोन्ही टोकांशी रंग खरवडून. इंजिन गरगर फिरलं. बायको म्हणे, लेक अकरा दिवसांपूर्वी हेच सांगत होती. साफ खोटं. ती अर्थिंग म्हणाली होती, वायर म्हणाली नव्हती.
फिरतं, पण सुरू होत नाही. हा तपशील.

२२ जून
सायलेन्सर चोंदला असणार. काढून ठेवला. फरक नाही. मेकॅनिकच्या मते डिझेलच्या लाइनमध्ये हवा धरली आहे. बघतो म्हटलं.
आज तिघंच बाहेर जेवायला जाऊ या, असं लेक म्हणत होती. निवांत जाऊ, सव्वीसनंतर, असं मी सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि चालेल म्हणाली.

२५ जून
बायकोने टॅक्सी सांगितली. मला न विचारता. डोकंच फिरलं. लेकीने मध्यस्थी केली: जीप सुरू झाली तर टॅक्सी दारातून परत पाठवू. या घरात माझ्यावर विश्वास असलेली ती एकटीच.

२६ जून, सकाळी ९.४०
इंजिन सुरू झालं. वेळ ९.१०.
साडेआठला गाडीखाली शिरलो होतो. टाकीजवळचा सांधा ढिला, तिथूनच हवा शिरत होती. जवळ कुणाचीतरी चाहूल लागली, म्हणून बारा नंबरचा पाना मागितला. हातात आला. थांब जरा, झालंच, म्हटलं. सांधा आवळला, बाहेर येऊन हवा काढली, किल्ली फिरवली आणि पठ्ठ्याने आवाज दिला. सायलेन्सर नाही, त्यामुळे पत्रे थडथडत होते. मी वेड्यासारखा हसत होतो.
इंजिन तसंच चालू ठेवून लेकीला बोलवायला धावलो. फाटकात बायको एकटी उभी. टॅक्सी गेलेली. निघताना दोनदा हॉर्न वाजवला म्हणे. गाडीखाली ठोकाठोकीत मला कुठला ऐकू येणार.
लेक निरोप घ्यायला शेडमध्ये गेली होती म्हणे. माझे पाय तेवढे दिसले. परत येऊन आईला म्हणाली, बाबांना आत्ता गाडीखालून उठवलं तर काम राहूनच जाईल, राहू दे.
पाना बरोबर बाराच होता. बायकोने आजवर कधी चौदाशिवाय दुसरा दिलेला नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.
जीप घेऊन मागे जावं असं मनात आलं. पण ब्रेक अजून जोडलेले नाहीत. ते जुलैच्या यादीत होते. म्हणजे आज सुरू होऊनही तिला सोडता आलंच नसतं. हे बायकोला सांगितलेलं नाही. फार वाईट वाटतंय.
लेकीला फोन लावला. ती बसमध्ये बसली होती, काहीतरी म्हणत होती, मीही ओरडत होतो, पण त्या धडधडाटात एकमेकांचं काही कळेना. हे इंजिन एकदा बंद केलं तर पुन्हा सुरू होईल याची मला अजिबात खात्री नाही.
बंद केलं आणि परत फोन लावला.