पहिल्या सलाईनच्या आधी

३ तारीख, सोमवार

या घरात मला कुणी काही सांगत नाही. चार माणसांचं घर, त्यात तिघं मला बघितलं की गप्प! मी चौथीपर्यंतच शिकले, पण बहिरी नाही.

नातवाची गाठ काढून तीन आठवडे झाले. सून आमच्या लॉन्ड्रीत येणाऱ्या गिऱ्हाइकांना सांगते, "पोटात होती हो." पोटात कसली? पोटाच्या खाली होती, गोटीत. एक गोटी काढून टाकली. सत्तावीस वर्षांचा घोडा, त्याला हिच्या लाजेपायी खोटं बोलावं लागतं.

आज दवाखान्यात मीही गेले. बोलावलं कुणीच नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुढच्या सोमवारी सलाईनमधून औषध सुरू. औषध जालीम आहे, पुढे मूल व्हायची ताकद जाऊ शकते. म्हणून आधीच वीर्य काढून दवाखान्याच्या बँकेत ठेवायचं, गोठवून. वर्षानुवर्षं टिकतं म्हणे. मुलगा फरशी बघत बसला. सून पर्समध्ये काय शोधत होती देव जाणे.

बाईंनी नातवाला विचारलं, "तुला काय वाटतं?" तो तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "ठेवणार. केव्हा येऊ?"

वीर्य. लिहिलं. कागद काही पेटला नाही.

४ तारीख, मंगळवार

नातवाला, आमच्या ढोल्याला, घेऊन त्या बँकेत गेले. (लहानपणी गोल होता म्हणून ढोल्या. आता नुसती हाडं.) एक छोटी खोली, आतून कडी, बाहेर बाक. मी बाकावर. अर्ध्या तासानं बाहेर आला, खिडकीतून बाटली दिली. बाईनं तिच्यावर नंबर चिकटवला.

"आजी, तू बाहेर सारखी खोकत होतीस."

"मग काय गाणं म्हणू?"

हसला. कितीतरी दिवसांनी! मीपण हसले. खिडकीतली बाई बघत राहिली.

५ तारीख, बुधवार

सून बोलत नाही. इस्त्रीखाली एका वकिलाच्या शर्टाची कॉलर करपली. चूक माझीच.

८ तारीख, शनिवार



ढोल्याच्या रक्ताचा रिपोर्ट आणायला गेले होते. बँकेच्या खिडकीतल्या बाईनं ओळखलं. "आजी, काल आला नाहीत? पहिल्या बाटलीत जिवंत शुक्राणू फारच कमी निघाले. शुक्रवारी परत या म्हणून बुधवारीच फोन केला होता. मुलाचे वडील म्हणाले, गरज नाही."

गरज नाही!

घरी आले तर मुलगा मशीनमध्ये चादरी भरत होता.

"दवाखान्याचा फोन आला होता?"

"आला होता."

"मग?"

"नको म्हणालो."

"का?"

त्यानं आणखी एक चादर उचलली. मग मी बोलले. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तुझा मुलगा म्हणजे काय तुझा सदरा आहे, तू घडी घालून कपाटात ठेवायला? तुला चारचौघांत लाज वाटते म्हणून त्याचं आयुष्य वांझ करतोस? सून रडायला लागली. तो चादरी भरत राहिला. बावन्न वर्षांचा झाला, अजून त्याला मला उलट बोलता येत नाही.

ढोल्या दारात उभा होता. "आजी, बास कर."

बास केलं नाही.

१० तारीख, सोमवार

सकाळी सातलाच दवाखान्याच्या दारात. डॉक्टरीणबाईंना म्हणाले, आधी बाटली, मग सलाईन. एक दिवसानं काही बिघडतं का? म्हणाल्या, एक दिवस चालेल. ढोल्या बाटली घेऊन आत गेला. या वेळी मी खोकले नाही, तोंडात पदर धरून बसले. त्याला फार वेळ लागला. डोळे लाल करून आला.

दुपारी कळलं, या वेळचं चांगलं आहे. चार नळ्या गोठवल्या.

जिंकले मी!

११ तारीख, मंगळवार

सहा तास सलाईन. घरी येईपर्यंत तीनदा ओकला.

१३ तारीख, गुरुवार

दुपारी ढोल्याची बादली मी धरली होती. तोंड पुसून म्हणाला, "आजी, बाबांना बोलू नकोस. फोनवर नको म्हणा, हे मीच सांगितलं होतं त्यांना."

मला वाटलं, तापात बरळतोय.

"मग सोमवारी कशाला आलास?"

"तुला नाही कोण म्हणणार?"

"पण नको का?"

"मी राहीन का, कुणाला माहीत? मी गेलो तर त्या नळ्यांवरून तुम्ही भांडत बसणार. आणि तू जिंकणार. मग त्यातून जन्मलेलं पोर बापाशिवाय वाढणार."

"तुझ्या बापाला मी एकटीनंच वाढवलं. काय वाईट झालं त्याचं?"

"त्यांनाच विचार."

बादली धुतली. मग मुलाकडे गेले. तो एका सदऱ्याला बटण लावत होता. विचारलं, शनिवारी एवढं ऐकून घेतलंस, खरं का नाही सांगितलंस? म्हणाला, "त्यानं सांगू नका म्हटलं होतं." दोरा दातानं तोडला. मग म्हणाला, "बाप नसणं काय असतं, ते मला कळतं आई. तू काही कमी केलं नाहीस. तरी."

तरी!

एवढ्या वर्षांत हे एकदाही बोलला नाही. मी कधी विचारलं होतं?

१५ तारीख, शनिवार

बँकेतल्या बाईचा फोन. कागदावर दोन रकाने कोरे राहिलेत. नळ्या ठेवायच्या की टाकायच्या. आणि ढोल्या नसला तर काय करायचं. मुलानं फोन माझ्या हातात दिला. "आई, तूच सांग." सून माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी बाईला म्हणाले, फोन सोमवारी करा. आणि हा नंबर खोडा, नातवाचा लिहून घ्या.

सोमवारी फोन ढोल्यानं घ्यायचा. ओकत असला तर बाईनं थांबायचं. ठेवा म्हणो, टाका म्हणो, उत्तर त्यानं एकट्यानं द्यायचं. बापानं नाही, आईनं नाही. आणि मी तर त्या खोलीतसुद्धा नसायचं.